मे महिन्यात घरी ब्रेड भाजणाऱ्यांनो, इकडे या (मराठवाडा स्पेशल)

पूर्णाकाठ (धागाकर्ता), परभणी

आमच्या गल्लीत सध्या पारा ४३ वर आणि तीन घरांत ओटीजी (विजेवरची छोटी भट्टी) चालू. भाजणारे सगळे पंचविशीच्या आसपासचे. एक पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा (म्हणजे मी), एक बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी आणि एक नुकताच बापाच्या दुकानावर बसायला लागलेला. २०२० च्या लॉकडाऊनमधलं आंबट खमिराचं (सावरडो ब्रेडचं) वेड शहरांत बरंच ओसरलं म्हणतात. आमच्याकडे ते आत्ता कुठं मूळ धरायलंय.

धागा काढायचं कारण म्हणजे शिकायला मिळणारे व्हिडिओ. बहुतेक थंड मुलखातले. 'पीठ दोन तास रूम टेंपरेचरला ठेवा' असं बिनधास्त सांगतात. त्यांची रूम २२ अंशांची, आपली ३८ ची. यीस्टचा वेग साधारण आठ-दहा अंशांमागे दुप्पट होतो, त्यामुळं त्यांचे दोन तास आपल्याकडे पाऊण तासातच उरकतात. पीठ फुगतं, पण चव यायला जो वेळ लागतो तो मिळतच नाही. थोडं दुर्लक्ष झालं की फुगलेलं पीठ खाली बसतं आणि ब्रेडला दारूसारखा वास येतो.

माझं मत असं की कृती बदलू नका, पाणी बदला. मळून झाल्यावर पीठ २६ अंशांच्या आसपास हवं. हाताने मळणार असाल तर सोपं गणित आहे: २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून खोलीचं आणि कोरड्या पिठाचं तापमान वजा करा, उरेल तेवढं पाण्याचं. खोली ३८, पीठ ३६ असेल तर पाणी ४ अंशांचं. म्हणजे चक्क बर्फाचं. डिसेंबरात खोली १८ आणि पीठ १७ असेल तर तेच गणित ४३ अंशांचं कोमट पाणी सांगतं. टोकदार डिजिटल थर्मामीटर तेवढा घ्या, साच्याआधी घ्या. वजनकाटा हवाच, वाटी-चमच्याने ब्रेडचं जमत नाही.

माझं रोजचं प्रमाण: मैदा ४०० ग्रॅम, पाणी २६०, मीठ ८, साखर १२, तेल १६. इन्स्टंट यीस्ट थंडीत ४ ग्रॅम, सध्या जेमतेम २. ओटीजी २०० अंशांवर आधी तापवून, मग अर्धा तास ते पस्तीस मिनिटं. मधोमध थर्मामीटर खुपसला तर ९३ च्या वर दिसला पाहिजे.

तुम्ही कसं जमवताय ते लिहा. फोटो नंतर टाकतो.

गुलमंडीकर, छ. संभाजीनगर

उत्तम धागा. गणितात एक सोय सुचवतो. बर्फाच्या मागे लागण्यापेक्षा मोजलेलं पीठच आदल्या रात्री डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. पीठ ८ अंशांवर आलं की ७८ वजा ३८ वजा ८, उरले ३२. साधं माठातलं पाणी याहून थंड असतं, म्हणजे काम झालं. बर्फच वापरायचा असेल तर तो पाण्यासोबत वजनात धरा. नुसतं गार झालेलं पाणी ओतून घेतलं आणि खडे टाकून दिले की प्रमाण चुकतं.

पाण्यावरून आठवलं. बाहेरचे लोक सांगतात की नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळं खमीर मंदावतं, म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवा. आमच्या गावात नळ आठवड्याने येतो. क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो. महापालिकेचे या बाबतीत आभार.

जालनेकर अप्पा

ज्वारीच्या मुलखात पोरं ब्रेड भाजायलेत. आमच्या लहानपणी ब्रेड घरात आला की शेजारचे विचारायचे, कोण आजारी हाय? दुधात बुडवून तापातल्या माणसाला द्यायची वस्तू ती. तुमच्यातल्या एकाला तरी भाकरी थापता येती का, तेवढं सांगा. नसंल तर आधी ते शिका.

सिंदफणा, माजलगाव

अप्पा, मला येते. पण खरं सांगू का, भाकरी मी ब्रेडनंतर शिकलो. घरात पोराने परातीला हात लावायची पद्धतच नव्हती. ब्रेड हा 'कॉम्प्युटरवर बघून करायचा प्रयोग' म्हणून खपला आणि त्या आडून मी चुलीपर्यंत पोचलो. बाबा पहिले दोन महिने पाहुण्यांसमोर विषय बदलायचे. आता पाहुणे आले की मलाच विचारतात, 'ते तुझं हाय का शिल्लक?'

भट्टीजवळ, छ. संभाजीनगर

अप्पा, मानानेच बोलतो, पण खमिराचं पीठ मराठवाड्यात काल-परवा आलेलं नाही. आमच्या शहरातला नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) बघा. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्याच्या लवाजम्याबरोबर हे जेवण इकडे आलं असं जुने लोक सांगतात. ते खरं-खोटं इतिहासवाले बघतील. पण शहागंज, बुढी लेन या भागात आजही लग्नाच्या आदल्या दिवशी नानची ऑर्डर डझनांवर जाते. हॉटेलात मिळणारा पांढरा लांबट नान तो हा नव्हे. हा जाड, मऊ, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला, म्हणून पिवळसर चकाकतो. भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात.

आमच्या नात्यात हा धंदा आहे. तिथे बाजारचं यीस्ट यायच्या आधी कालच्या पिठाचा गोळा आजच्या पिठात घालायची रीत होती. नवी पोरं बरणीवर नाव लिहून सांभाळतात तो खमीर दुसरा काय आहे? उन्हाळ्यात आमचे मामू गोळा लिंबाएवढा घेत, थंडीत मुठीएवढा. थर्मामीटर त्यांच्या मनगटात होता.

आणि अप्पा, दिवाळीत रवा-तूप-साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला तुम्हीही गेला असाल. पत्र्याच्या ट्रेवर चुन्याने नंबर टाकून रांगेत बसायचं. भट्टीशी नातं जुनंच आहे आपलं.

जालनेकर अप्पा

गेलो होतो. रात्री दोनला नंबर लागायचा. बरं, चालू द्या.

मांजराकाठची, औसा / लातूर

मी लातूरला शिकायला आहे, होस्टेलवर काहीच करता येत नाही. सुट्टीत औशाला आले की करते. घरी ओटीजी नाही आणि 'आधी मार्क दाखव, मग ओटीजी' असा मायचा करार आहे. कुकरमध्ये होतो का नीट? केक होतो, ते माहीत आहे. ब्रेडचं वरचं कवच पांढरंच राहतं म्हणून विचारायले.

सिंदफणा, माजलगाव

होतो. जुना कुकर घे, चांगला खराब करू नकोस, कारण कोरडा तापवल्याने ॲल्युमिनियमवर परिणाम होतो. शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, हे विसरायचं नाही. तळाला बोटभर जाड मीठ, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापव. मग डबा आत. नंतर आच मंद, ४० ते ४५ मिनिटं.

वरून रंग येत नाही कारण उष्णता खालून येते आणि आत कोंडलेली वाफ वरचा भाग ओला ठेवते. त्यावर उपाय म्हणजे ब्रेड बाहेर काढून तापलेल्या तव्यावर उलटा टाक, दोन-तीन मिनिटं. थोडं तूप लाव. नाहीतर लोफचा नादच सोड आणि पाव कर: पिठाचे छोटे गोळे बिडाच्या तव्यावर, वर खोलगट झाकण, मंद आच, मधे एकदा उलटायचे. नॉनस्टिकवर हा उद्योग नको, रिकामा तापला की त्याचा थर जातो.

येसर, अंबाजोगाई

तव्यावरचा पाव आणि शेंगदाण्याची चटणी. एवढंच लिहून जाते, भूक लागली.

पिठाचा हिशोब, परभणी

मी इथल्या अन्नतंत्र महाविद्यालयातून शिकलो, सध्या बेकरीशी संबंध नाही, पण पिठावर बोलल्याशिवाय राहवत नाही. इथे सगळे पाण्यावर आणि यीस्टवर बोलले, पिठाचं कोणी काढलं नाही, आणि निम्मे प्रश्न तिथले असतात.

गिरणीतून दळून आणलेली कणीक पोळीसाठी बनवलेली असते. दगडी जात्यात दाण्यातलं स्टार्च बऱ्यापैकी फुटतं. असं पीठ पाणी जास्त पितं, पोळी मऊ होते, टम्म फुगते. ब्रेडला मात्र तेच पीठ चिकट वाटतं, कारण फुटलेल्या स्टार्चची साखर लवकर होते आणि पाणी हळूहळू सुटतं. शिवाय कोंड्याच्या धारदार कण्या ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे कापतात. म्हणून नुसत्या कणकेचा ब्रेड मैद्याएवढा कधीच फुगणार नाही. ती अपेक्षा सोडून द्या, म्हणजे निम्मं दुःख जाईल.

तरीही करायचा असेल तर असं करा. कणीक मैद्याच्या चाळणीने चाळा. निघालेल्या कोंड्यावर दुप्पट उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या, मग तो पिठात परत घाला. मऊ पडलेला कोंडा धागे तोडत नाही. पाणी मैद्याला ६५ टक्के तर कणकेला ७५ ते ८०. हे सगळं पिठाच्या वजनावर, कोंड्याच्या पाण्यासकट. यीस्ट-मीठ घालायच्या आधी पीठ नुसतं पाण्यात कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मळायचं काम अर्ध्यावर येतं. आणि गिरणीतून आणलेलं गरम पीठ लगेच वापरू नका. उन्हाळ्यात ते ४५ अंशांच्या वर असतं, पूर्णाकाठ यांचं गणित तिथेच बसतं खाली.

गव्हाच्या जातीबद्दल: बन्सी गहू पिवळा, कडक, प्रथिनं भरपूर, पण त्याचं ग्लुटेन ताणलं की तुटतं. शेवया आणि रव्याला तो राजा, ब्रेडला एकटा नको. खपलीचं ग्लुटेन त्याहून नाजूक, गोळा साच्याबाहेर पसरतो. दोन्हींची चव सुरेख आहे, पण पिठाच्या पाव हिश्श्यापुढे जाऊ नका. लोकवन मधल्या मधे चांगला.

गुलमंडीकर, छ. संभाजीनगर

वा! ज्वारीचं काय? परभणीच्या विद्यापीठाच्या जातींची नावं ऐकतो, परभणी मोती, परभणी शक्ती. त्यांचा ब्रेड का नाही होत?

पिठाचा हिशोब, परभणी

जात कोणतीही घ्या, ज्वारीत ग्लुटेन नाही. परभणी शक्ती ही २०१८ ची जात लोह आणि जस्त जास्त असलेली म्हणून काढली, ग्लुटेनचा तिथे संबंध नाही. गॅस धरून ठेवणारी जाळीच नसली तर ब्रेड फुगणार कसा? बाजारात 'ज्वारी ब्रेड' म्हणून मिळतो त्याच्या मागची घटकांची यादी वाचा, पहिला बहुतेक वेळा गहू किंवा मैदाच असतो. पाचवा हिस्सा ज्वारी घातली तर मात्र बरं जमतं. कोरडं पीठ मिसळलं तर ब्रेड भुसभुशीत होऊन सुरीखाली चुरा होतो.

येसर, अंबाजोगाई

जेवून आले. ज्वारीचं मी सांगते, आमच्या घरात तोच होतो. कोरडं पीठ घालायचंच नाही, उकड काढायची. ज्वारी जुनी झाली की भाकरी फाटते, मग आपण गरम पाण्यात पीठ भिजवतो की नाही, तेच. आजीने बघितल्या बघितल्या सांगितलं, 'उकड घाल, चिकटा येईल.' ती ब्रेड खात नाही, दात नाहीत आणि इच्छाही नाही, पण सल्ला तिचा.

ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, त्यावर खळखळ उकळतं पाणी २०० मिली, लाकडी पळीने घोटायचं, झाकून पूर्ण गार करायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, गरम उकडीत यीस्ट मरतं (साठ अंशांच्या आसपास संपलंच). मग मैदा ४००, मीठ १०, गूळ १५, तेल २०, यीस्ट सध्या २ ग्रॅम, थंडीत ४. वरून पाणी १३० मिली आधी, मळताना लागलं तर आणखी २०. पीठ हाताला किंचित चिकटत राहतं, कोरडा मैदा भुरभुरत बसू नका. एवढ्यात अर्ध्या किलोचे दोन साचे भरतात. हा ब्रेड दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, उकडीमुळे ओलावा टिकतो.

वरून तीळ लावा. कारळाची चटणी आत गुंडाळून रोल केला तर पोरं भांडतात.

पूर्णाकाठ, परभणी

हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. उद्याच करतो. येसर ताई, आजींना नमस्कार सांगा.

मांजराकाठची, औसा / लातूर

आंबट खमिराबद्दल कुणीतरी लिहा ना. माझ्या खमिराला एक दिवस नवं पीठ-पाणी दिलं नाही तर वर राखाडी पाणी येतं आणि नेलपॉलिशसारखा वास.

भट्टीजवळ, छ. संभाजीनगर

उपाशी आहे तो. मेला नाही. राखाडी पाणी ओतून दे. गुलाबी किंवा केशरी रेघ दिसली किंवा बुरशीची लव आली तरच फेकायचा.

उन्हाळ्यात विरजण लावताना चमच्याऐवजी थेंबभर ताक घालतो ना, तसंच इथे. सगळे सांगतात तसं समभाग खमीर, पीठ, पाणी घेतलं तर आपल्या उन्हात तो चार तासांत सगळं खाऊन बसतो. एक भाग खमीर, पाच भाग पीठ, पाच भाग पाणी घे. पाणी माठाचं. फुगून दुप्पट झाला की सरळ फ्रिजमध्ये, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून खाऊ घाल. होस्टेलला जाताना मायच्या हवाली कर, तेवढं एक काम करारात घालून घे.

गुलमंडीकर, छ. संभाजीनगर

माझं मत जरा वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये नवशिक्यांनी आंबट खमिराच्या वाटेला जाऊ नये. बॅक्टेरिया यीस्टच्या पुढे पळतात, पीठ आंबट होतं आणि आम्लाने ग्लुटेन ढिलं पडून गोळा पातळ होतो. जून लागला की सुरू करा. तोवर थोड्या यीस्टचं पीठ रात्रभर फ्रिजमध्ये फुगवा: चव जवळपास तीच, मनस्ताप नाही.

भट्टीजवळ, छ. संभाजीनगर

भट्टीवाल्यांनी मेमध्ये भट्टी बंद ठेवली असती तर लग्नं कशी झाली असती साहेब? सराई तेव्हाच असते.

गुलमंडीकर, छ. संभाजीनगर

तुमच्या मामूंचं मनगट आम्हाला द्या, मग बघू.

हिंगोलीहून

लाइटचं काय करता? आमच्याकडे दुपारी कधी जाईल नेम नाही. परवा ब्रेड आत आणि लाइट गेली.

पूर्णाकाठ, परभणी

पहाटे भाजा. खोली थंड, व्होल्टेज बरं, आणि दिवसा ओटीजीने घर तापत नाही. रात्री पीठ मळून साच्यात घालून फ्रिजमध्ये, सकाळी थेट आत.

भाजताना वीज गेली तर दार उघडायचं नाही. पहिल्या दहा-बारा मिनिटांत ब्रेड वर चढतो, त्यात गेली तर तो बसकाच होणार, त्याचे टोस्ट करा. वीस मिनिटांनंतर गेली तर आतला सांगाडा उभा राहिलेला असतो. आतल्या उष्णतेवर ठेवा, वीज आली की उरलेलं भाजून घ्या. कवच थोडं जाड होतं, बाकी फरक नाही.

वसमतकर

एक शंका, रागावू नका. हे स्वस्त पडतं का? आणि विकता येतो का?

सिंदफणा, माजलगाव

स्वस्त पडत नाही. दीड हजार वॅटचा ओटीजी तासभर म्हणजे जास्तीत जास्त दीड युनिट, त्यात मैदा, तेल, यीस्ट. दुकानातल्या साध्या ब्रेडच्या आसपासच जातं, आणि तुमचा वेळ वेगळा. फायदा असेल तर आत काय घातलं ते कळतं. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सीएसई या संस्थेने ब्रेड-पावाचे नमुने तपासून ३८ पैकी ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट (पिठात घालायची रसायनं) असल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्याच महिन्यात सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. त्यामुळं 'आजही दुकानचा ब्रेड म्हणजे विष' असले फॉरवर्ड पाठवू नका, ती बातमी जुनी आहे.

विकायचा असेल तर घरगुती असला तरी एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी लागते, ऑनलाइन होते. पण माझा सल्ला, छंद आहे तोवर छंदच राहू द्या. गिऱ्हाईक आलं की पहाटेची मजा जाते.

येसर, अंबाजोगाई

शेवटच्या वाक्याशी असहमत. आमच्याकडच्या दोन मुली रविवारी पाव विकून स्वतःच्या क्लासची फी भरतायत. मजा गेलेली दिसत नाही.

हिंगोलीहून

आणखी एक. ब्रेड दुसऱ्या दिवशी आतून चिकट झाला, तोडला की तार सुटते, आणि पिकलेल्या खरबुजासारखा वास. बुरशी दिसत नाही. खाल्ला तर चालेल?

पिठाचा हिशोब, परभणी

अजिबात नाही. जनावरांनाही घालू नका, पिशवीत बांधून फेका. ही बॅसिलस जातीच्या जिवाणूंची करामत आहे. त्यांचे बीजाणू पिठातच असतात, भाजताना मरत नाहीत, आणि ३५-४० अंशांत ओलसर ब्रेड मिळाला की दिवसा-दोन दिवसांत वाढतात. म्हणून हा रोग आपल्या उन्हाळ्याचा. बेकऱ्या यासाठीच कॅल्शियम प्रोपिओनेट हे टिकाऊपणाचं रसायन घालतात.

साचा, परात, सुरी, ओटा, सगळं गरम पाण्याने धुवून व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि वाळवा. ते पीठ संपवून डबा रिकामा करा, नवं पीठ जुन्यात ओतू नका. पुढच्या वेळी अर्धा किलो पिठाला एक चमचा व्हिनेगर घाला, आंबट वातावरणात ते वाढत नाहीत. खमिराच्या ब्रेडला हा त्रास कमी होतो तो त्याचमुळे. ब्रेड आत ९३ अंशांच्या वर गेलाय ना बघा, आणि जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका.

ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न येईलच: फ्रिजच्या खालच्या भागात ब्रेड सगळ्यात लवकर शिळा, कडक होतो. एका दिवसाचा बाहेर ठेवा, बाकीचा काप करून फ्रीझरमध्ये. लागतील तेवढे काप काढून थेट तव्यावर.

हिंगोलीहून

धन्यवाद. फेकला. ओलं यीस्ट हिंगोलीत कुठं मिळेल का? किराण्यात फक्त कोरडं आहे, तेही कधीचं माहीत नाही.

सिंदफणा, माजलगाव

जवळच्या कुठल्याही पाव करणाऱ्या बेकरीत पहाटे जा आणि पन्नास ग्रॅम मागा, देतात. घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये, दोन आठवड्यांच्या आत संपवा. कोरड्याच्या जागी वापरताना वजन तिप्पट. किराण्यातलं घेतलंच तर आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवून बघा, फेस आला नाही तर दुकानदाराला परत नेऊन द्या.